शाळा पाडायची?

खरं सांगू? बातमी वाचून मी चक्क वैतागले होते. ओडिशातलं बहानगा हायस्कूल पाडणार म्हणे, कारण मुलं घाबरतात! २ जून २०२३ ला तिथे जवळच कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला. अडीचशेच्या वर माणसं गेली आणि त्यातले कितीतरी मृतदेह या शाळेच्या वर्गांत ठेवले होते. सुट्टी होती, वर्ग रिकामे. पण म्हणून पासष्ट वर्षांची शाळा पाडायची? पूजा करा, समुपदेशक बोलवा, झालं की!

मग आठवलं, आजी गेली तेव्हा तिची खोली आम्ही महिन्याभरात रंगवून घेतली. कॉटसुद्धा देऊन टाकली. तरी मी वर्षभर हॉलमध्येच गादी घालून झोपायचे. कुठे गेलं होतं माझं लॉजिक? आणि आजी तर म्हातारपणानं, शांतपणे गेली होती. तिथल्या पोरांनी त्याच फरशीवर बसून भूमिती सोडवायची?

९ जूनला पाडकाम सुरूही झालं. जेमतेम आठवड्यात! ही घाई मात्र मला अजून पटत नाही. त्या रात्री शाळेतली काही मोठी मुलं मदतीला धावली होती. त्यांना काय वाटलं असेल?

आजीच्या खोलीत आता माझा कॉम्प्युटर आहे. रात्री काम करताना दार उघडंच ठेवते.