माळशेजवरून येणारी गाडी

डिंगोऱ्यात रेल्वे नाही. अख्ख्या जुन्नर तालुक्यात नाही आणि शेजारच्या आंबेगावातही नाही. गावावरून कल्याण-नगर रस्ता जातो. त्याच वाटेने, माळशेज चढून, रेल्वे यावी ही मागणी आमच्या आधीच्या पिढीपासून चालत आली आहे. पाहण्या झाल्या, निवेदनं गेली, रूळ आले नाहीत. म्हणून ती रेल्वे मी घराच्या माळ्यावर बांधायला घेतली. ८७ पट लहान, प्लायवूडवर: ओतूर, डिंगोरे, मढ आणि मग घाट. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ने भागली तर १९ मिलिमीटरच्या वर जाते आणि बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे असतात. तेवढा फरक मी चालवून घेतला. पण गाड्या कुठल्या पद्धतीने चालवायच्या, या प्रश्नाशी तडजोड करवेना. त्याची पाळंमुळं फार मागे, लहानपणात होती.

माझे वडील, अण्णा, मुंबईला डब्यावर होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत जेवणाचे डबे पोचवतात; आमचं घरही त्यातलंच. मे महिन्याच्या सुट्टीत एसटीने माळशेज उतरून कल्याण गाठायचं, पुढे लोकल. अण्णा डोक्यावरची पाटी सांभाळत लगेजच्या डब्यात चढायचे, आणि मी जमेल तेव्हा फलाटाच्या पुढच्या टोकाला, मोटरमनची खिडकी दिसेल अशा जागी उभा. त्याच्या हातातली मूठ एकेक खाच पुढे सरकायची आणि गाडी हिसके देत वेग घ्यायची. तेव्हा मुंबईच्या लोकलला १५०० व्होल्टची डीसी वीज होती, १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासूनची. मोटरच्या वाटेत रोधक घातलेले असत. मूठ सरकेल तसे ते टप्प्याटप्प्याने बाजूला होत आणि मोटरला जास्त वीज मिळे. हे मला पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करताना कळलं. लहानपणी मनात रुतलं ते एवढंच, की एवढी मोठी गाडी एका हाताचं ऐकते.

ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेत मला चावीची पत्र्याची गाडी मिळाली. ती छान पळायची. पण एकदा सोडली की चावी उतरेपर्यंत तिला काही सांगता यायचं नाही. माझी तक्रार ही होती.

पुण्यात नोकरीला लागल्यावर कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय पाहिलं. १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. एका माणसाने छंदापायी उभं केलेलं गाव आहे ते, सर्कस आणि पोहण्याच्या तलावासकट, आणि त्यातून गाड्या धावतात. महाराष्ट्रात या छंदाला मान मिळवून दिला तो भाऊ जोशींनी, असं मी मानतो. बाकीचे प्रेक्षक गाड्यांकडे बघत होते. मी चालवणाऱ्याचे हात बघत होतो. त्यानंतर पहिल्या बोनसमधून इंजिन, चार डबे आणि रुळांचं एक कडं घेतलं.

ती जुनी, साधी पद्धत. दोन रुळांत बारा व्होल्टपर्यंत डीसी वीज सोडायची. वीज वाढवली की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी मागे येते. एका गाडीला हे पुरतं. दुसरी गाडी रुळावर ठेवली की तीही त्याच वेगाने, त्याच दिशेने निघते, कारण इथे आज्ञा इंजिनाला होत नाही, रुळाला होते. रुळावर जे उभं असेल ते चालू लागतं. यावर उपाय म्हणजे रुळाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा वेगळा तोडून त्याला वेगळी वायर आणि वेगळं बटण द्यायचं. मी ते केलं. फळीच्या वर स्टेशन आणि खाली वायरींचं जंगल. डाग दिल्याचा वास घरभर असायचा. त्या दिवसांत हात तयार झाला. साधी पद्धत वाईट असं मी कुणाला सांगणार नाही. घरात एकच गाडी फिरवायची असेल तर आजही तीच घ्यावी.

पण मला घाट हवा होता, आणि घाटाने निकाल लावला.

थळ आणि बोर या दोन्ही घाटांत रेल्वेचा चढ ३७ला १ असा आहे: ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. माळशेजलाही मी तोच चढ धरला. असा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही. कसाऱ्याला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, इगतपुरीपर्यंत ढकलतात आणि सुटून परत उतरतात. मला हे जसंच्या तसं माळ्यावर हवं होतं. पुढचं इंजिन गाडी घेऊन येईल, बँकर त्याच रुळावर वाट बघत उभं असेल, मग हळूच मागून येऊन टेकेल, दोघं मिळून चढतील, वर बँकर सुटेल आणि गाडी न थांबता पुढे जाईल. रुळाला आज्ञा देऊन हे साधायचं तर हातभर अंतरावर तुकडे पाडत बसावं लागलं असतं. आज्ञा इंजिनालाच द्यायला हवी होती.

डिजिटल पद्धतीत तेच होतं. रुळात वीज कायम पूर्ण असते. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या लांबीतच आज्ञा लिहिलेली असते: ५८ मायक्रोसेकंदांची अर्धी लहर म्हणजे एक, १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांची म्हणजे शून्य. एक आणि शून्य जुळून संदेश बनतो: आधी इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, शेवटी पडताळणीचा आकडा. प्रत्येक इंजिनात नखाएवढा डिकोडर असतो. रुळावरची सगळी इंजिनं सगळे संदेश वाचतात आणि ज्याचा पत्ता आहे तेच हलतं. पडताळणी जुळली नाही तर संदेश सोडून देतात. तो पुन्हा येतोच, कारण आज्ञा पाठवणारं यंत्र तेच संदेश अखंड पाठवत राहतं. मला हे समजून घ्यायला वेळ लागला नाही. लहानपणी मी हेच पाहिलं होतं: फलाटावर जेवणाचे शेकडो डबे उतरायचे. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे: कुठून निघाला, कुठल्या स्टेशनाला उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. अण्णा सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि आपल्या खुणेचे तेवढेच उचलायचे.

ही पद्धत जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने घडवली, आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. या निर्णयाचं महत्त्व फार मोठं आहे. प्रमाण सर्वांसाठी खुलं असल्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतो. आज घेतलेलं इंजिन उद्या कंपनी बंद पडली तरी मुकं होत नाही. मी स्वतःला घातलेली पहिली अट हीच होती: प्रमाणाबाहेरचं काही घ्यायचं नाही.

मग प्रश्न उरला यंत्राचा. रोकोचं झेड-२१, लेन्झ, डिजिट्रॅक्स, एनसीई: सगळी उत्तम यंत्रं. त्यांच्या गुणांची तुलना तासन्‌तास करता येते, मीही केली. पण परदेशातून मागवायचं, वर कस्टम ड्यूटी भरायची, आणि पावसाळ्यात डिंगोऱ्याची वीज गचके देत गेली आणि आतला एखादा भाग जळाला, तर पुढे काय? पेटी पुन्हा समुद्रापार. या गावात पंपाची मोटर जळली तर संध्याकाळपर्यंत वाइंडिंग करून मिळते, ट्रॅक्टर इथेच उघडतो, इथेच मिटतो. माझी रेल्वेही इथेच दुरुस्त व्हायला हवी होती. म्हणून मी डीसीसी-ईएक्स निवडलं. आर्डुइनो मेगा नावाची साधी पाटी, तिच्यावर मोटर चालवणारी दुसरी पाटी, आणि हौशी लोकांनी लिहून सर्वांसाठी मोकळा ठेवलेला प्रोग्रॅम. दोन्ही पाट्या देशात सहज मिळतात, किमतीचं ओझं होत नाही, आणि ओतूरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराला त्या पहिल्या दिवशीच कळल्या. शिवाय वीज जाऊन परत आली तरी आपण सांगेपर्यंत रुळात सोडली जात नाही. आमच्याकडे हा गुण सोन्यासारखा आहे.

हातात काय धरायचं, हा वेगळा विषय. मोबाईलवरून वाय-फायने गाडी चालवता येते. मी वायरचा, गोल बटणाचा हातकंट्रोलर बनवून घेतला, कारण काचेवर बोट घासून वेग कळत नाही, नजर गाडीवरून काढावी लागते. बिनतारी गोष्टींबद्दल आमच्या तालुक्यात तसंही भान आहे. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून जाणार होती. दुर्बिणीच्या निरीक्षणात अडथळा येईल म्हणून हरकत आली आणि मार्ग बदलायचं ठरलं. दुर्बीण जपायलाच हवी, यात मला शंका नाही. गाडी हुकली याचं दुःखही तेवढंच खरं आहे.

दोन डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं जुळवताना पुतणी शेजारी बसली होती. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. एकाला ३ ठेवला, दुसऱ्याला ७ दिला. हे काम वेगळ्या छोट्या रुळावर होतं. यंत्र इंजिनाला विचारतं, तुझ्या अमुक खान्यात अमुक आकडा आहे का? असेल तर डिकोडर उत्तर देतो, आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे एकच साधन असतं: मोटरला क्षणभर वीज देणं. सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा असा हा होकार. इंजिन जागच्या जागी किंचित थरथरतं. “काका, ते हो म्हणालं!” ती ओरडली. मग दोन नंबरच्या खान्यात कमीत कमी वेग, पाचमध्ये जास्तीत जास्त, तीनमध्ये वेग घेण्याची सवड आणि चारमध्ये थांबण्याची. दोन्ही इंजिनं शेजारशेजारच्या दोन रुळांवर एकदम सोडायची, कोण पुढे जातं बघायचं, आकडा बदलायचा. रात्र झाली तेव्हा दोघं एका चालीने घाट चढत होती, आणि मागचं पुढच्याला धक्का देत नव्हतं.

गावातली पोरं येऊ लागल्यावर डिजिटलचं दुसरं अंग दिसलं. प्रत्येकाच्या हाती एक इंजिन, प्रत्येक जण आपल्या गाडीचा ड्रायव्हर. पण रूळ सगळीकडे जिवंत, त्यामुळे एकाच टप्प्यात दोन गाड्या समोरासमोर आणण्यापासून यंत्र कुणाला अडवत नाही. एकेरी मार्गावर खऱ्या रेल्वेने यावर नील्स टोकनची व्यवस्था केली: टप्प्याच्या दोन टोकांना दोन यंत्रं, एकमेकांशी बांधलेली, एका वेळी एकच गोळा बाहेर देणारी. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्याचीच गाडी टप्प्यात. आम्ही तेच करतोय. डिंगोरे-मढ टप्प्यासाठी लाल रंगवलेला लाकडी गोळा तयार आहे आणि पोरं तो काटेकोरपणे देतात-घेतात. ओतूर-डिंगोऱ्याचा अजून व्हायचा आहे, आणि बँकर मधूनच मागे फिरलं तर गोळा कुणाकडे राहायचा, यावर पोरांत अजून वाद चालू आहे.