प्रीसेटचा स्क्रू जरा जपून

गणपती आटोपले की माझ्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरची रांग लागते. त्यातले निम्मे जळालेले नसतात. कुणीतरी ‘आवाज गोड व्हावा’ म्हणून आतला बायसचा प्रीसेट पिळलेला असतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरची जोडी असते, आपल्याकडच्या असेंबल्ड सेटमध्ये बहुधा २एससी५२०० आणि २एसए१९४३. लहरीचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. बेसवर साधारण ०.६ व्होल्ट आल्याखेरीज दोघेही जागे होत नाहीत. बादल्यांच्या रांगेत पुढच्याची पकड बसण्याआधीच मागच्याने हात काढावा, तसं शून्यापाशी होतं आणि लहर तिथे तुटते. मोठ्या आवाजात हे खपून जातं. हळू लावलेल्या आलापात, तानपुऱ्याचा नाद विरताना, खरखरीसारखं कानाला टोचतं. म्हणून सिग्नल नसतानाही दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. तोच बायस.

मग भरपूर का देऊ नये? पुरवठा ±३५ व्होल्टचा असेल, तर ५० मिलिअँपिअरला जोडी नुसती बसून साडेतीन वॉट उष्णता टाकते. अर्धा अँपिअर केलात तर ३५ वॉट. शिवाय दोघे एकाच वेळी फार काम करू लागले की त्या पट्ट्यात गेन वाढतो आणि वेगळीच विकृती येते. ह्यूलेट-पॅकार्डच्या बार्नी ऑलिव्हर यांनी १९७१मध्ये दाखवलं, की प्रत्येक एमिटर रेझिस्टरवर सुमारे २६ मिलिव्होल्ट असताना हा सांधा सर्वांत सपाट होतो. ट्रान्झिस्टरच्या आतलाही रोध त्यात मोजावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमीच ठेवतात. सर्किटच्या कागदावर आकडा दिला असेल, तर तोच धरावा.

मोजणं सोपं आहे. स्पीकर काढा, इनपुट शॉर्ट करा, प्रीसेट किमान प्रवाहावर आणा आणि पहिल्यांदा वीज सिरीज बल्बमधूनच द्या. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला, तर पुढे जाऊ नका. सारं ठीक असेल तर बल्ब काढून मग सेटिंग करा, कारण त्याच्यामुळे पुरवठा खाली येतो. मीटर ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर लावा: ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. प्रोब घसरला तर ट्रान्झिस्टर गेलाच समजा. म्हणून क्लिप वापरा आणि वीज बंद करूनच लावा.

खरी गोम उष्णतेत आहे. एका अंशामागे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. हीटसिंक ४० अंशांनी तापला, तर ८० मिलिव्होल्टचा फरक! तो भरून काढायला बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच घट्ट बसवलेला असावा लागतो. तो तारांवर लोंबकळताना दिसला की मी प्रीसेटला हातच लावत नाही. तापेल तसा प्रवाह वाढेल, प्रवाहाने आणखी तापेल, आणि शेवट ठरलेला. अर्धा तास तापू द्या, पुन्हा मोजा, झाकण लावून पुन्हा.

जुन्या प्रीसेटचा सरकता संपर्क सुटतो. तो बायस ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर बाजूला असेल तर प्रवाह घटतो, कलेक्टर-बेस बाजूला असेल तर भडकतो आणि जोडी जाते. दुसऱ्या प्रकारचं सर्किट हाती आलं तर गिऱ्हाइकाला विचारून मी ते बदलूनच टाकतो.

काम झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका आणि किती मिलिव्होल्ट ठेवले, ते चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या मेकॅनिकला उगाच पिळावं लागणार नाही.