बोटाची पारख आणि काट्याचा आकडा

पाक एकतारी झाला की दोनतारी, हे घरातली बाई चिमटीत धरून सांगते. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात सोडतो, गोळी वळते का ते पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. या पारखीबद्दल मला फार आदर आहे. पण तिची एक अडचण आहे. ती ज्याच्या बोटात असते, त्याच्याजवळच राहते. दुसऱ्याने 'नाही' म्हटले, तर पुरावा दाखवता येत नाही.

तेथे यंत्र उपयोगी पडते. गुळाचेच घ्या. रस आटतो तसे पाणी कमी होते आणि उकळण्याचे तापमान चढत जाते. म्हणून काहिलीत थर्मामीटर धरला की पाक किती दाटला ते आकड्यात कळते. काकवीला १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुरते. ढेपेच्या गुळाला ११८ अंशांच्या आसपास जावे लागते.

टोमॅटो केचपच्या घट्टपणासाठी बॉस्टविक नावाचे साधे साधन आहे. लहानशी पन्हळ, तळाला सेंटिमीटरच्या खुणा आणि एका टोकाला झडप. झडपेमागे केचप भरायचा, झडप उघडायची आणि ३० सेकंदांत तो किती पुढे सरकला ते वाचायचे. अमेरिकेत २० अंश तापमानाला तो १४ सेंटिमीटरपेक्षा पुढे वाहिला, तर घट्टपणाच्या मानकात बसत नाही.

फळासाठी निराळे साधन. मॅग्नेस आणि टेलर या अमेरिकी संशोधकांनी १९२५ साली दाबमापक पुढे आणला. सालीचा लहान तुकडा काढून गरात बोथट दांडी खुपसायची आणि किती जोर लागला ते काट्यावर पाहायचे. सफरचंदाला ११ मिलिमीटर जाडीची दांडी लावतात, नासपतीला ८ मिलिमीटरची.

तुम्ही म्हणाल, हे आपल्या काय कामाचे? सांगतो. बाजारात व्यापारी अंगठ्याने फळ दाबतो, 'माल मऊ पडला' म्हणतो आणि भाव पाडतो. मीही हे सोसले आहे. अंगठा त्याचा आणि निकालही त्याचाच! परदेशांत कारखान्यासाठी हिरवा वाटाणा पिकवणाऱ्यांना टेंडरोमीटर या यंत्राच्या आकड्यावर भाव मिळतो. दाणा जून झाला की साखरेचे पिठूळ सत्त्व होते, दाणा कठीण लागतो, आकडा चढतो आणि भाव उतरतो. पण तो आकडा दोघांनाही दिसतो, हे महत्त्वाचे.

यंत्र आले म्हणून माणूस मोडीत निघाला असे समजू नका. १९६३ साली अमेरिकेतील एका खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲलिना श्चेस्नियाक या बाईंनी कठीणपणाची नऊ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला मऊ चीज, मध्ये शेंगदाणे, त्यावर गाजर आणि शेवटी खडीसाखर. यंत्राचे आकडे खरे की खोटे, हे चावून पाहणाऱ्या माणसांच्या निर्णयाशी ताडून ठरवले. म्हणजे गुरू दातच, काटा त्याचा साक्षीदार.

मात्र साक्षीदारालाही प्रश्न विचारावे लागतात. काटा आधी शून्यावर होता का? नमुना सगळ्या ढिगातून घेतला की वरवरचाच? सगळे नमुने एकाच तापमानाला तपासले का? गरम केचप पातळ वाहतो, गार झाला की दाटतो.

बचत गटातल्या भगिनींना एक सुचवतो. सपाट ताटलीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. गार झालेला केचप दर वेळी त्याच वाटीने मापून तिच्यावर ओता आणि ३० सेकंदांत किती पसरतो ते वहीत टिपा. ही बॉस्टविकची बरोबरी नव्हे, पण तुमची ही खेप मागच्या खेपेसारखी आहे की नाही ते सांगेल. दुकानदाराने 'या वेळचा माल पातळ' म्हटले, तर वही उघडून त्याच्यासमोर ठेवा.