सगळी भिस्त हवेवर

माझ्या माउंटन बाइकच्या पुढच्या, धक्के झेलणाऱ्या फोर्कचं जे नुकसान झालं ते माझ्या हातून झालं, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच होतं. हाताला दणका बसला की मी फोर्कमधली हवा कमी करायचे. ब्रेक दाबल्यावर सायकल पुढे झुकायला लागली की हवा वाढवायचे. शॉक पंप विकत घेतला होता, त्याला काटा होता, काटा आकडा दाखवायचा. त्यामुळे आपलं काम मोजूनमापून चाललंय असं वाटायचं. हवेखेरीज फोर्कला आणखी दोन अंगं असतात, तेलातून होणारं डॅम्पिंग आणि नळ्यांचं वंगण. हे मी वाचलेलं होतं. पण दुखणं शोधायची वेळ आली की हात पंपाकडेच जायचा.

पहिली चूक हवेचीच. हवा किती भरायची याचा तक्ता फोर्कच्या पायावर चिकटवलेला असतो, वजनाप्रमाणे. मी माझं घरच्या काट्यावरचं वजन धरलं. पाठीवरची पाण्याची पिशवी, हत्यारं, हेल्मेट, बूट हे सगळं मिळून चार-पाच किलो सहज होतं, ते धरलंच नाही. मग सॅग मोजायला गेले. सॅग म्हणजे स्वार नुसता सायकलवर चढला की फोर्क जितका दबतो तेवढं अंतर. नळीवर एक रबरी कडी असते, ती खाली सरकवून ठेवायची, सायकलवर चढायचं, हळूच उतरायचं आणि कडी कुठे राहिली ते पाहायचं. माझा फोर्क 120 मिलिमीटरचा. त्यातले 20 टक्के, म्हणजे 24 मिलिमीटर, दबायला हवेत. मी भिंतीला हात टेकून सीटवर आरामात बसले आणि मोजलं. सीटवर बसलं की वजन मागच्या चाकावर जातं, फोर्क कमी दबतो. कडी फार सरकली नाही म्हणून मी हवा काढत गेले. मोजायचं असतं ते पेडलवर उभं राहून, गुडघे-कोपरं किंचित वाकवून, उतारावर असतो तशा पवित्र्यात. मी ज्या अवस्थेत कधी उतार उतरतच नाही, त्या अवस्थेसाठी फोर्क लावून ठेवला होता.

पंपानेही मला बराच काळ चकवलं. व्हॉल्व्हला नळी जोडली की फोर्कमधली थोडी हवा त्या नळीत शिरते, कारण आत हवा मुळात थोडीशीच असते. काटा काल भरलेल्या आकड्यापेक्षा कमीच दाखवणार. मला वाटायचं फोर्क गळतोय. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा, फोर्कच्या नव्हे, तोही मी गळतीतच जमा केला. आणि हवा भरल्यावर फोर्क सावकाश दहाएक वेळा दाबायचा असतो, म्हणजे आतल्या खालच्या कप्प्यात, ज्याला निगेटिव्ह चेंबर म्हणतात त्यात, हवा पोचते. तो कप्पा भरला नाही तर फोर्क सुरुवातीलाच ताठ लागतो. मी घाईत भरायचे आणि निघायचे. ताठ लागला की पुन्हा हवा काढायचे.

मात्र मला सगळ्यात जास्त काळ फसवलं ते रिबाउंडने.

पुण्यात बाणेर-पाषाणच्या टेकडीवर किंवा बोपदेव घाटाच्या आजूबाजूला ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना तिथली उतरण माहीत असेल. आपल्याकडचा बेसाल्ट थराथरांचा, त्यामुळे उतार सलग नसतो. एक पायरी, मग मुरुमाचा तुकडा, मग लागोपाठ तीन-चार पायऱ्या, त्यावर सुटे धोंडे. एकटादुकटा दगड माझा फोर्क छान गिळायचा. लागोपाठच्या पायऱ्यांवर मात्र शेवटी शेवटी हँडल हातातून निसटेल इतके धक्के यायचे. खाली पोचेपर्यंत तळवे पेटलेले असायचे. मी निष्कर्ष काढला, फोर्क कडक आहे. हवा काढली. पुढच्या वेळी जास्तच आपटला. अजून काढली.

एकदा टेकडीवर एका जाणत्या स्वाराने, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, माझी कुरकुर ऐकली आणि एवढंच विचारलं, "अगं, पहिल्या दगडाला लागतं का तिसऱ्या?"

तिसऱ्या. याचा विचार मी केलाच नव्हता. फोर्क खरंच कडक असेल तर पहिलाच दगड लागायला हवा. पहिला मऊ, दुसरा बरा, तिसरा दणदणीत, याचा अर्थ फोर्क एकदा दबल्यावर पुढचा दगड यायच्या आत परत वर येत नाही. दबलेल्या अवस्थेतच दुसरा धक्का घेतो, आणखी खाली बसतो, आणि तिसऱ्या धक्क्यासाठी त्याच्यापाशी जागाच उरत नाही. परत वर येण्याचा हा वेग म्हणजेच रिबाउंड, आणि तो ठरवते ती उजव्या पायाच्या तळाशी असलेली लाल फिरकी. एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला ससा काढलेला असतो. दुकानात सायकल घेताना कुणीतरी ती मधोमध लावून दिली होती आणि मी तिला हात लावला नव्हता. मधोमध म्हणजे सगळ्यांना चालेल असं मी धरून चालले होते.

इथे वजनाचा संबंध येतो, आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मनापासून वाटतं. माझं वजन कमी, म्हणून फोर्कमध्ये हवाही कमी. हवा कमी म्हणजे फोर्कला वर ढकलणारा जोरही कमी. ऐंशी किलोच्या माणसाला जी फिरकी मधोमध ठीक वाटते तीच मला फार मंद पडते. हलक्या स्वाराला रिबाउंड सशाकडे बराच मोकळा लागतो. आणि मी काय करत होते, तर दर खेपेला हवा काढून तो ढकलणारा जोर आणखी घटवत होते, म्हणजे फोर्क आणखी मंद करत होते. दादांनी तिथेच फिरकी चार टिचक्या मोकळी केली. पंप सॅकमधून बाहेरही काढला नाही. त्याच पायऱ्या मी पुन्हा उतरले आणि हँडल हातात राहिलं. सायकलची दुकानं विकताना स्वाराचं वजन विचारून ही फिरकी लावून देत नाहीत, याचा मला आजही राग येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं झाल्यावर तरी पंप बाजूला राहायला हवा होता. राहिला नाही.

पावसाळ्यात टेकडीवरून आले की सायकल चिखलाने भरलेली असायची. घरी धुवायला जागा नाही, म्हणून गाड्या धुणाऱ्या वॉशिंग सेंटरवर न्यायचे. तिथला पोरगा प्रेशरचा पाइप जवळून मारायचा, फोर्कच्या सीलवरही. चिखल निघतोय यातच मला समाधान. घरी आले की नळ्या चमकाव्यात म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारायचे आणि फोर्क दाबून दाबून तो आत जाऊ द्यायचे. वंगण घालतेय अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते पाणी सीलच्या ओठाखालून आत शिरत होतं आणि तो स्प्रे तिथलं होतं नव्हतं ते ग्रीस विरघळवून माती आत ओढत होता. दिवाळीच्या सुमारास फोर्क अडखळत चालायला लागला. बारीक खडीवर तर हलायचाच नाही. मी हवा काढली.

त्याने भागेना तेव्हा गल्लीतल्या टू-व्हीलर गॅरेजमध्ये गेले. शॉकअपचं काम त्या गॅरेजवाल्यांच्या हातचा मळ, त्यात शंका नाही. त्यांनी विचारलं, "ताई, तेल किती टाकू? मोटरसायकलला एका पायात दीडशे टाकतो." मी बिनदिक्कत म्हणाले, "ही हलकी आहे, शंभर टाका." चूक माझी होती, त्यांची नाही. माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क मोटरसायकलच्याच वाटेने आला हे खरं. 1989 च्या सुमारास रॉकशॉक्सचा पहिला फोर्क बनवणारे पॉल टर्नर मोटोक्रॉसमधूनच आले होते. पण माझ्या फोर्कसारख्या आजच्या फोर्कमध्ये डॅम्पिंगचं तेल वेगळ्या, बंद कार्ट्रिजमध्ये असतं. खालच्या पायांत जे तेल असतं ते फक्त नळ्या ओल्या ठेवायला, बहुतेक फोर्कमध्ये एका पायात 10-20 मिलिलिटर. बाकीची जागा रिकामी असावी लागते, कारण फोर्क दबताना नळ्या तिथेच उतरतात. ती जागा मी तेलाने भरून टाकली. फोर्क निम्म्याच्या आतच अडायला लागला आणि सीलमधून तेल बाहेर येऊ लागलं. तेव्हाही आधी मी हवाच काढून पाहिली.

शेवटी स्वतः उघडायचं ठरवलं. वर्तमानपत्रं पसरली, जुनी परात ठेवली. आधी सगळी हवा सोडली. ही पायरी कुणीही कधीही चुकवू नये, दाबाखालचा फोर्क उघडणं जिवाशी खेळ आहे. तळाचे दोन्ही बोल्ट अ‍ॅलन कीने तीन-चार आटे ढिले केले, बोल्टवरच प्लॅस्टिकच्या हातोडीने टिचकी मारून आतले दांडे सुटे केले, मग बोल्ट पूर्ण काढून खालचे पाय ओढले. परातीत आलेलं तेल चहाच्या रंगाचं होतं आणि त्यात पाण्याचे गोल थेंब वेगळे दिसत होते. डस्ट सीलच्या खाली फोमच्या दोन कड्या असतात, तेल धरून ठेवणाऱ्या. बोटांत दाबल्यावर तेलाऐवजी राखाडी गाळ निघाला, चिमटीत करकरणारा. मग नळ्या पुसल्या. उजव्या नळीच्या मागच्या बाजूला, जिथे पुसतानाही सहसा फडकं पोचत नाही, बोटभर लांबीचा पट्टा काळ्याऐवजी चंदेरी झाला होता. वरचा थर झिजून आतलं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं होतं. शेजारी एक उभी रेघ, तीवर नख फिरवलं की अडत होतं.

त्या पट्ट्यावर इलाज नाही. नळ्या वरच्या क्राउनमध्ये दाबून बसवलेल्या असतात, एकटी नळी बदलता येत नाही. क्राउन, दोन्ही नळ्या आणि स्टीअरर असा पूर्ण भाग घ्यावा लागतो, आणि त्याच्या किमतीत थोडी भर घातली की नवा फोर्क येतो. हे टाळायला जे करायचं होतं ते फार स्वस्त होतं. रॉकशॉक्ससारखी कंपनी खालचे पाय दर 50 तासांच्या स्वारीनंतर उघडून साफ करायला सांगते, आणि डॅम्पर व एअर स्प्रिंगची पूर्ण सर्व्हिस 200 तासांनी. पावसाळ्यात चालवणाऱ्याने 50 ची वाटही पाहू नये असं माझं मत आहे. लागतं काय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं सुती फडकं, पुस्तिकेत लिहिलंय त्या जातीचं तेल, मापाची सिरिंज, आणि बोल्टखालचे नवे वॉशर. एक संध्याकाळ पुरते.

आता चिखल वाळू देते, मऊ ब्रशने झाडते आणि बादलीतल्या पाण्याने धुते. सीलवर पाइप मारू देत नाही. फोर्कबद्दल काही खटकलं तर आधी कडी पाहते, मग रिबाउंड, मग शेवटचं तेल कधी बदललं ती तारीख. पंप त्यानंतर. त्या चंदेरी पट्ट्यामुळे प्रत्येक स्वारीनंतर उजव्या नळीवर तेलाचं बारीक वर्तुळ उमटतं, ते पुसावं लागतं. नख अडत होतं ती रेघ अगदी बारीक कागदाने घासून गुळगुळीत केली, म्हणजे सील तरी कापलं जाणार नाही.

सेकंडहँड सायकल घ्यायला कुणी सोबत नेलं तर मी खाली बसून आधी नळ्यांची मागची बाजू पाहते. मालकाला हवा सोडायला सांगते, फोर्क पूर्ण दाबून धरते आणि एरवी वर असणारा भाग कुठपर्यंत आत जातो ते बघते. मग पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवते. आत खटखट लागली तर बुशिंग गेलेलं असण्याची शक्यता असते, आधी हेडसेट ढिला नाही ना याची मात्र खात्री करावी. फोर्क कधी उघडला होता हे मालकाला आठवत नसेल, तर किमतीतून पूर्ण सर्व्हिसचे पैसे वजा करून मगच बोलायला लागावं.