भाजणी आणि काजू

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत चिठ्ठीवाचून पिंप हलत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही तशीच चिठ्ठी लागते, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो लिनक्ससाठी प्रोग्रॅमची पॅकेजे बांधतो. मी पडलो मॅट्रिक मास्तर. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला परक्याच्या संसारात डोकावण्याची खोड असतेच!

प्रोग्रॅम म्हणे एकटा संसार करीत नाही. त्याला 'लायब्ररी' लागतात; पुस्तकांच्या नव्हेत, तर कुणी आधीच करून ठेवलेल्या कामाचे तयार तुकडे. 'डेबियन' नावाच्या लिनक्समध्ये (आपल्या सी-डॅकची 'बॉस' तिच्यावरच बेतलेली) पॅकेजच्या चिठ्ठीत तीन पायऱ्या असतात: लागतेच, असावे, असले तर बरे. दिवाळीच्या दिवसांत हे गृहिणींना काय समजवायचे? भाजणीवाचून चकली नाही. चिवड्यात खोबऱ्याचे काप असावेत. काजू असले तर बरे.

"मग सगळेच 'लागते'मध्ये का घालीत नाही? काळजी मिटली!" मी म्हटले.

"सर, प्रत्येक पाहुणा आपले पाहुणे घेऊन येतो," तो म्हणाला, आणि त्याने २०२४ सालची हकीकत सांगितली.

दूरच्या संगणकात शिरताना दारावर 'एसएसएच' नावाचा रखवालदार असतो. 'एक्सझेड' ही फायली आवळून लहान करणारी लायब्ररी. रखवालदाराला तिची गरज नव्हती. पण "मी कामावर हजर" एवढी वर्दी देण्यासाठी डेबियनसारख्यांनी त्याला 'सिस्टमडी'ची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या पदराला धरून एक्सझेड आत आली. एक्सझेड सांभाळणारा गृहस्थ एकटा, थकलेला, बिनपगारी. एका अनोळखी मदतनिसाने दोन वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि तिच्यात चोरवाट ठेवली. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोसे वाटले. त्याने पाठ सोडली नाही, म्हणून चोरवाट बहुतेक चाचणीच्या आवृत्त्यांतच सापडली.

त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या सिस्टमडीच्या २५६व्या आवृत्तीत एक्सझेडसारख्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच हाक मारून बोलवायची सोय आहे. आली तर ठीक, नाही तर तिच्यावाचून भागवायचे. पण यात नवी अडचण! पॅकेज बांधणाऱ्याचे यंत्र जोडलेल्या लायब्ररींची यादी आपोआप काढते; हाकेसरशी येणारी त्याला दिसतच नाही. म्हणून आता प्रोग्रॅमच्या पोटातच टीप ठेवतात: कोणती लायब्ररी, कशासाठी, आणि तीन पायऱ्यांपैकी कोणती.

मला ही टीप फार आवडली. आपल्या घरांतही ज्यांच्यावाचून अडत नाही, त्यांची नावे आपण यादीत घालीत नाही. ती घालावीत. कोण येते-जाते हे घराला ठाऊक राहते. आणि तो बिचारा एकटा राबतो आहे, हेही कुणाच्या तरी ध्यानात येते.