कोरडवाहू धावपटू आणि सागरी वारा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत असलेला झरी जामणी तालुका महाराष्ट्रात असला तरी भूगोलाच्या हिशेबाने तो अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागराला जवळचा आहे. पैनगंगेचे पाणी वर्धेत जाते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विसावते आणि ते सारे पाणी शेवटी पूर्व किनाऱ्याला लागते. सरळ रेषेत मोजले, तर आंध्रचा किनारा येथून पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मुंबईचा सहाशेहून अधिक. काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि सोयाबीन घेणाऱ्या या कोरडवाहू मुलखात, म्हणजे सिंचनाऐवजी पावसाच्या भरवशावर पिकणाऱ्या मुलखात, वाऱ्याकडे लक्ष जाते ते शेतीच्या निमित्ताने. खळ्यावर धान्य उपणताना वाऱ्याची वाट पाहावी लागते. फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहणे तर जिवाशी निगडित असते, कारण फवारा वाऱ्याच्या विरुद्ध धरला, तर औषध अंगावर येते आणि श्वासावाटे शरीरात जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हापासून वाऱ्याच्या दिशेचा हा साधा नियम गावोगावी नव्या गांभीर्याने सांगितला जाऊ लागला. अशा भागात वाढलेल्या माणसाने समुद्रकिनाऱ्यावरची मॅरेथॉन धावली, तर तेथील वारा त्याला कसा भेटतो आणि त्या वाऱ्याचा त्याच्या शरीराशी काय हिशेब होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथे नोंदवलेला अनुभव मुंबई मॅरेथॉनचा आहे.

तालुक्यात धावणे नवे नाही, मात्र त्याचे प्रयोजन वेगळे आहे. मुकुटबन, पाटण, झरी या गावांच्या रस्त्यांवर पहाटे दिसणारी बहुतेक पोरे भरतीची असतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्याच्या जोडीला १०० मीटर धाव व गोळाफेक असते. त्यामुळे सगळा सराव थोड्या अंतराचा, जोरकस आणि घड्याळाशी झुंजणारा असतो. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १६०० मीटरच्या सव्वीस पटींहून जास्त भरते, आणि तेवढे अंतर धावण्याची तयारी करणारा माणूस या रस्त्यांवर सहसा एकटाच असतो. कोलामांच्या पोडांकडे, म्हणजे कोलाम या आदिवासी समाजाच्या मुख्य गावापासून दूर वसलेल्या वस्त्यांकडे, जाणाऱ्या रस्त्यांवर सकाळी वाहतूक तुरळक असते, हवा कोरडी आणि थंड असते आणि जानेवारीत वाराही बेताचाच असतो. प्रस्तुत लेखकाची तयारी अशाच वातावरणात झाली. तिची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही या वातावरणातून आल्या होत्या, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

मराठी मुलखाचा मॅरेथॉनशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्याच शर्यतीत सदाशिव दातार हे दुसरे धावपटूही उतरले होते. हे दोघे ज्या पथकातून गेले, त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा आणि दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. शतकाच्या दुसऱ्या टोकाला सावरपाड्याची कविता राऊत आणि परभणीची ज्योती गवते या समुद्रापासून दूर वाढलेल्या मुलींनी लांब पल्ल्याच्या धावण्यात नाव मिळवले. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने या परंपरेला सामान्य हौशी धावपटूंची जोड दिली. ही शर्यत जानेवारीतल्या रविवारी होत असल्यामुळे विदर्भातला माणूस शनिवार-रविवारच्या सुटीत ती उरकू शकतो. वणी किंवा पांढरकवड्यामार्गे नागपूर अथवा वर्धा गाठून तो रात्रीच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, ताब्यात घेतो. शर्यतीचा आरंभ आणि शेवट याच स्थानकाच्या परिसरात असल्यामुळे रविवारी संध्याकाळी परतीची गाडी पकडण्यासाठीही फार चालावे लागत नाही. ४२ किलोमीटर धावून आखडलेल्या पायांच्या दृष्टीने ही सोय क्षुल्लक नाही.

किनाऱ्यावरच्या वाऱ्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी शालेय भूगोलातील दोन संज्ञा पुरेशा आहेत. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे जमिनीवरची थंड आणि जड हवा समुद्राकडे वाहू लागते. हे मतलई वारे होत. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची हवा आत येते. हे खारे वारे होत. या दोहोंच्या दरम्यान, सकाळी जमीन आणि पाणी यांच्या तापमानातला फरक मिटत असताना, काही काळ वारा पडतो. मुंबईच्या मार्गावर हे तिन्ही टप्पे धावपटूला एकाच सकाळी भेटू शकतात. पूर्ण मॅरेथॉनच्या हौशी धावपटूंची सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास, अंधारात होते. झरी जामणीहून आलेल्या माणसाला हा अंधार अधिक लांबल्यासारखा वाटतो आणि तसे वाटण्यास आधार आहे, कारण दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच अक्षांशावर असली तरी रेखांशात सुमारे सहा अंशांचा फरक असल्याने मुंबईत सूर्य वीस मिनिटांहून अधिक उशिरा उगवतो.

मरीन ड्राइव्हवर वारा फारसा जाणवत नाही, कारण जमिनीकडून येणाऱ्या हवेला रस्त्याच्या पूर्वेकडील इमारती अडवून धरतात. पेडर रोड, हाजी अली आणि वरळी मागे टाकून धावपटू वांद्रे-वरळी सागरी सेतूवर चढतो आणि ही आडोशाची सोय संपते. २००९ मध्ये खुला झालेला हा ५.६ किलोमीटरचा सेतू एरवी पादचाऱ्यांसाठी बंद असतो आणि शर्यतीच्या दिवशीही तेथे प्रेक्षक नसतात. त्यामुळे शहरभर सोबत करणारे ढोल, टाळ्या आणि हाका थांबून केवळ बुटांचा आणि वाऱ्याचा आवाज उरतो. प्रस्तुत लेखक सेतूवर पोहोचला, तेव्हा नुकते फटफटू लागले होते. वारा उजव्या हाताच्या पुढच्या अंगाने येत होता. बिब चारही कोपऱ्यांना पिना लावून घट्ट बसवलेला असूनही त्याच्या मधोमध हवा शिरून तो सुपासारखा फुगत होता आणि दर पावलागणिक छातीवर फटफट आपटत होता, टोपीची झाप वर उचलली जात होती, आणि पुढे धावणाऱ्या पेसरच्या झेंड्याचे कापड मागे आणि डावीकडे ताणले गेले होते. पेसर म्हणजे ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देण्यासाठी एकसारख्या गतीने धावणारा वाटाड्या. त्याच्यामागच्या घोळक्याला धावपटू ‘बस’ म्हणतात. तो झेंडा वेळ दाखवण्यासाठी असतो, परंतु त्या पहाटे त्याने वाऱ्याची दिशा त्याहून स्पष्ट दाखवली, आणि फवारणीपूर्वी चिमूटभर माती उडवून दिशा पाहण्याची सवय असलेल्या नजरेने ती लगेच टिपली.

या वाऱ्याची किंमत मोजण्याचा सोपा मार्ग असा. हवेचा रोध हा धावपटू आणि हवा यांच्या परस्परसापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, धावपटू ताशी १० किलोमीटर वेगाने धावतो आहे आणि हवा स्थिर आहे. या स्थितीतल्या रोधाला एक एकक म्हणू. आता ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर सापेक्ष वेग २५ होतो आणि रोध सव्वासहा एकक होतो, म्हणजे सव्वापाच एककांचा तोटा. तोच वारा पाठीमागून आला, तर तो पुढे लोटतो खरा, पण सापेक्ष वेग केवळ ५ असल्याने ते लोटणे पाव एककाचे असते; स्थिर हवेतला एक एकक वाचला आणि पाव एकक वर मिळाला, असा एकूण सव्वा एककाचा लाभ होतो. जाताना सव्वापाच गमावायचे आणि येताना सव्वा कमवायचा, असा हा व्यवहार असल्यामुळे ‘येताना वारा पाठीशी असेल, तेव्हा भरून काढू’ ही धावपटूंमध्ये नेहमी ऐकू येणारी समजूत गणितात टिकत नाही.

पाठीवरचा वारा मात्र आख्ख्या मार्गावर मिळाला, तर चित्र पालटते. २०११ मध्ये बोस्टन येथे केनियाच्या जेफ्री मुताई याने २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही तोवरची सर्वांत वेगवान वेळ नोंदवली, परंतु ती जागतिक विक्रम म्हणून मान्य होऊ शकली नाही. विक्रमासाठी आरंभ आणि शेवट या बिंदूंमधले सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये आणि एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरहून जास्त नसावा, असे नियम आहेत. बोस्टनचा मार्ग एका गावाहून निघून दुसऱ्या शहरात संपतो, आणि त्या दिवशी वारा बहुतांशी धावपटूंच्या पाठीशी होता. मुंबईचा मार्ग निघाल्या ठिकाणी परततो, त्यामुळे तेथे वारा कोणालाही फुकटचे दान देत नाही.

समोरच्या वाऱ्याचा भार हलका करण्याचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाने धावणे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून सहभागी झालेले ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले, की सेकंदाला ६ मीटर या वेगाने दुसऱ्या धावपटूच्या एक मीटर मागे राहिल्यास हवेचा सुमारे ८० टक्के रोध टळतो आणि ऑक्सिजनचा खर्च सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतो. हौशी धावपटूचा वेग याच्या निम्म्याच्या आसपास असल्याने स्थिर हवेत त्याला इतका लाभ होत नाही. मात्र सेतूवर समोरून वारा आला, की सापेक्ष वेग वाढून तोही या गणितात येतो. एकट्याने धावण्याची सवय असलेल्या प्रस्तुत लेखकाला अनोळखी पाठीच्या हातभर मागे राहणे प्रारंभी संकोचाचे वाटले, कारण गावाकडे कोणाच्या इतके मागे लागून धावणे हे खोडी काढण्यासारखे समजले जाते. सेतूवर मात्र त्याचे कोणालाच विशेष वाटत नव्हते. पुढचा माणूस दमला, की न बोलता बाजूला सरके आणि मागचा पुढे येई. वारा तिरपा असल्यामुळे ही रांगही सरळ न राहता आपोआप डावीकडे कलती झाली होती.

वांद्र्याला वळून माहीम, शिवाजी पार्क आणि प्रभादेवी या वस्तीच्या भागात मार्ग शिरला, तेव्हा वारा पडला होता, आणि येथे हिशेबाची दुसरी बाजू पुढे आली. शरीर घामाने थंड होत नाही, घामाच्या वाफेने थंड होते; हवा दमट असेल, तर वाफ होण्याचा वेग मंदावतो आणि घाम नुसता ओघळत राहतो. झरी जामणीच्या कोरड्या हिवाळी हवेत घाम येतो न येतो तोच वाळून जातो आणि कानशिलांवर मिठाचा पांढरा थर तेवढा उरतो. तशा सरावात शरीर घामाच्या खऱ्या प्रमाणाचा अंदाज शिकतच नाही. मुंबईच्या दमट सकाळी कपडे ओलेचिंब झाले तरी अंग तापतच राहते, आणि अशा वेळी अंगावरून हवा खेळवणारा वारा हाच एकमेव मदतनीस असतो. पाठीमागचा वारा धावण्याच्या वेगाइतकाच असेल, तर सापेक्ष वेग शून्य होतो आणि धावपटू जणू बंद खोलीत धावतो. म्हणजे जो वारा पायांना सोयीचा, तोच त्वचेला गैरसोयीचा ठरतो. परतीच्या वाटेवर पस्तीसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो. तोवर स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांच्या रूपातला, साठा संपत आलेला असतो आणि ऊन चढलेले असते. तेथे रहिवाशांनी पुढे केलेली संत्र्याची फोड आणि मिठाचे पाणी यांच्याइतकीच, सेतूवर नकोसा झालेल्या वाऱ्याची गरज लेखकाला भासली. खारा वारा जोर धरतो तो त्याहूनही उशिरा, आणि तोही शेवटच्या टप्प्यात मरीन ड्राइव्हवर दक्षिणेकडे धावणाऱ्यांना उजव्या अंगाने, किंचित मागून लागतो. म्हणजे सर्वांत सावकाश धावणाऱ्याला मदत मिळते खरी, पण ऊन डोक्यावर आल्यानंतर.

या अनुभवातून निघणारे निष्कर्ष झरी जामणीसारख्या तालुक्यातल्या धावपटूसाठी व्यवहाराचे आहेत. दमट हवेत धावण्याचा अनुभव घ्यायचा असेल, तर जानेवारीच्या शर्यतीची तयारी जुलै-ऑगस्टपासून, पावसाळी हवेतच सुरू करावी, कारण विदर्भात किनाऱ्यासारखी दमट हवा मिळण्याचा तोच काळ असतो. पहिल्या निम्म्या शर्यतीत वारा समोरून असेल, तर घड्याळाऐवजी श्वासाकडे पाहून गती ठरवावी आणि गेलेला वेळ पुढे भरून निघेल, असे गृहीत धरू नये. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रांगेत धावण्याचा सराव गावीच करावा, आणि त्यासाठी माणसे शोधायलाही लांब जावे लागत नाही. १६०० मीटरसाठी दौडणारी भरतीची पोरे आणि ४२ किलोमीटरची तयारी करणारा माणूस पहाटे एकाच रस्त्यावर वेगवेगळे धावतात. आठवड्यातून एकदा त्यांनी आळीपाळीने पुढे राहून एका रांगेत धावायचे ठरवले, तर पोरांना दमसास मिळेल, लांब पल्ल्याच्या धावपटूला संगत मिळेल, आणि मोकळ्या वावरांतून येणारा समोरचा वारा एकट्याच्या छातीवर न येता सर्वांत वाटला जाईल.