शेवटच्या पायरीवरून दिसणारा आकडा

१३ एप्रिल १९९६. साउदॅम्प्टनच्या 'द डेल' मैदानावर मँचेस्टर युनायटेड राखाडी जर्सीत उतरलं आणि मध्यंतरापर्यंत तीन गोलांनी मागे पडलं. मध्यंतरानंतर तेच खेळाडू निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत बाहेर आले. सामना १-३ असा हातचा गेलाच. पण व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी दिलेलं कारण आमच्या डिझाइनच्या व्यवसायात आजही चर्चेत निघतं. राखाडी कपड्यांतले आपलेच सहकारी खेळाडूंना मागच्या गर्दीतून वेगळे दिसत नव्हते. ती जर्सी युनायटेडने पुन्हा घातली नाही.

अनेकांना ही पळवाट वाटली. मला ते कारण तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. चेंडू पायाशी असताना मान वर करून आपला माणूस हेरायला खेळाडूला क्षणभराचीच सवड असते. त्या क्षणात रंगाने दगा दिला, तर दुकानात ती जर्सी कितीही देखणी दिसो, तिचं डिझाइन फसलेलं आहे.

मी खेळांसाठी ग्राफिक डिझाइन करतो: स्पर्धांची बोधचिन्हं, संघांच्या जर्सी, मैदानाभोवतीचे फलक. काम द्यायला येणारी मंडळी पहिल्यांदा लोगोबद्दल बोलतात. वाघ हवा, सिंह हवा, नाहीतर युव्हेंटस या फुटबॉल क्लबने २०१७ मध्ये आपलं जुनं चिन्ह उतरवून नुसतं 'जे' अक्षर घेतलं तसं काहीतरी सुटसुटीत हवं. हे सगळं करता येतं आणि ते करायला मला आवडतंही. पण स्टँडच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्याला छातीवरचा वाघ दिसत नाही. त्याला रंग दिसतो, आणि आकडा धड असेल तर आकडा. चढाई कोणी केली, झेल कोणी घेतला, हे त्याला जो आकडा सांगतो, तोच त्या संघाची खरी ओळख वाहून नेत असतो.

पाठीवरचे आकडे सुरू झाले तेच मुळी प्रेक्षकांसाठी. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीजने १९२९ मध्ये फलंदाजीच्या क्रमाने आकडे दिले. बेब रूथ तिसऱ्या क्रमांकावर, म्हणून त्याच्या पाठीवर ३. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्सेनल आणि चेल्सी या फुटबॉल क्लबांनी आकडे लावून पाहिले होते. क्रिकेट फार उशिरा आलं. १९९२ च्या विश्वचषकात रंगीत कपडे आणि पाठीवर नावं, १९९९ च्या विश्वचषकात आकडे, आणि कसोटीत तर थेट २०१९ च्या अ‍ॅशेसला. पण एकदा आला की आकडा किती खोल रुजतो, ते आपण पाहिलंच आहे. २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर सचिन तेंडुलकरचा १० क्रमांक लावून उतरला, तेव्हा सचिनच्या चाहत्यांनी गहजब केला आणि पुढे ठाकूरने ५४ घेतला. कोणत्याही जाहिरात कंपनीला पैसे ओतून असा जिव्हाळा विकत घेता येणार नाही.

मग त्या आकड्याचं वळण इतक्या हेळसांडीने का ठरवलं जातं? इंग्रजी आकड्यांत ३, ६, ८ आणि ९ ही घोटाळ्याची चौकडी. लांबून पाहिलं की आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि चौघेही ८ दिसू लागतात. उपाय सोपा आहे: ३ आणि ६ यांची तोंडं गरजेपेक्षा जास्त उघडी ठेवायची. कागदावर ती जरा फाकलेली वाटतात, मैदानात बरोबर दिसतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने १९९७ पासून सगळ्या क्लबांना एकाच वळणाचे आकडे दिले, त्यामागे दिसण्यातल्या एकसारखेपणाबरोबर वाचनाची सोयही आहे.

देवनागरीत प्रश्न निराळे आहेत आणि त्यांवर फार थोडं काम झालंय. १ आणि ९ दोघांनाही वर गाठ आणि खाली शेपूट. खेळाडू वळला, कापडाला घडी पडली, की कोणता कोण ते कळत नाही. मी ९ ची डावीकडची वळणं मुद्दाम फुगवतो आणि १ ची शेपूट आखूड करतो. नावांचं तर विचारूच नका. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची. आपल्याकडे 'जाधव' तीन इंचांच्या पट्टीत छान भरून बसतो. त्याच पट्टीत 'सुर्वे' बसवायचा तर खाली उकार, वर रफार आणि मात्रा, आणि मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम निम्मी उंची. एकाच संघात एकाचं नाव ठसठशीत आणि दुसऱ्याचं किरकोळ दिसून कसं चालेल? म्हणून आधी संघातलं सर्वांत अवघड नाव मांडायचं आणि त्याच्या मापाने बाकीची सगळी. आणखी एक: नाव कमानीत वळवायचं नाही. इंग्रजीची सुटी अक्षरं कमानीवर खुशाल बसतात. आपली शिरोरेषा जागोजागी तुटते आणि नाव खिळखिळं दिसतं.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १२ नोव्हेंबर २०१५ ला अमेरिकन फुटबॉलमध्ये बफेलो बिल्स नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरव्या रंगात खेळले. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या प्रेक्षकांना दोन्ही संघ एकच दिसत होते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एकाला हा दृष्टिदोष असतो. तरीही २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना लाल रशिया आणि हिरवा सौदी अरेबिया असाच झाला. डिझाइन पक्कं करण्याआधी दोन्ही जर्सींचा फोटो कृष्णधवल करून पाहायला एक मिनिट लागतं. एक गडद आणि एक फिकट दिसली नाही, तर रंग बदला.

आता आपल्या मंडळांच्या कबड्डीकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय. कबड्डीत जर्सीची जितकी ओढाताण होते तितकी क्वचितच कुठे होत असेल. पकडीत ती ताणली जाते, पिळली जाते, आणि त्याच गर्दीतून बाद कोण झालं ते पंचाला, गुणलेखकाला आणि माइकवरच्या समालोचकाला नंबरावरूनच ओळखायचं असतं. म्हणून तर खेळाच्या नियमांत पुढे किमान ४ इंच आणि पाठीवर ६ इंच आकडा सांगितलाय. प्रत्यक्षात सब्लिमेशन छपाई स्वस्त झाल्यापासून जर्सीवर ज्वाळा, पंजे, विजा आणि त्यावर सौजन्याची नावं. एका स्पर्धेत छातीवर प्रायोजकाचा फोटो होता आणि आकडा त्याच्या खांद्याशी कोपऱ्यात गेला होता. समालोचक रात्रभर 'निळ्या संघाचा खेळाडू' एवढंच म्हणत राहिला. त्या पोरांनी वर्षभर घाम गाळला होता; गावाने त्यांना नावानिशी ओळखावं, एवढा त्यांचा हक्क होता.

प्रायोजकाशिवाय स्पर्धा होत नाहीत, हे मला मान्य आहे. आयसीसीच्या स्पर्धांमध्येही प्रायोजक असतोच, पण तो बाहीवर जातो आणि छातीवर देशाचं नाव राहतं. आपल्या आयोजकांनीही प्रवेशपत्रिकेसोबत जर्सीचा एक साधा आराखडा द्यावा. छातीवर आणि पाठीवर आकड्याची चौकट आखलेली, तिच्यात एकाच सपाट रंगाखेरीज काही नाही, आणि सौजन्याला बाह्या मोकळ्या. असा आराखडा मी करून ठेवलाय, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकड्यांसह. ज्या मंडळाला हवा असेल त्याने तो न्यावा. त्याचे पैसे मी घेत नाही.